'क्वायर' या शब्दाचे मूळ : प्रचलित समजुतींचा प्रतिवाद

'क्वायर' म्हणजे चर्चमध्ये स्तोत्रे गाणाऱ्यांचा संघ आणि हा शब्द ख्रिस्ती उपासनेतूनच जन्माला आला, असे मराठीत सर्रास लिहिले आणि बोलले जाते. या एका समजुतीला धरून आणखी तीन समजुती येतात. पहिली अशी, की शब्दाचा मूळ अर्थ 'एकत्र गाणे' असाच होता. दुसरी, की कागदाच्या दस्त्याला इंग्रजीत जो 'क्वायर' म्हणतात तो आणि गायकांचा 'क्वायर' हे एकच, कारण गायक हातात वही धरून गात. तिसरी, की वस्तू चर्चची असल्यामुळे ती भारतात परक्यासारखीच राहिली. या चारही समजुती पुराव्यापुढे टिकत नाहीत. ग्रीक भाषेत हा शब्द येशूच्या जन्माआधी किमान सातशे वर्षे वापरात होता. तेव्हा त्याचा अर्थ नाचाचे मैदान आणि नाच असा होता. पुढे त्यात गाणे आले, मग नाच मागे पडला, मग जागेचा अर्थ नव्या इमारतीत पुन्हा उगवला. हा क्रम लिखित पुराव्यांवरून दाखवता येतो आणि तो नीट पाहिला की वरच्या समजुतींची बैठकच उरत नाही.

मैदान आणि नाच

मूळ ग्रीक शब्द 'खोरोस'. त्याचे सर्वांत जुने दाखले होमरच्या महाकाव्यांत मिळतात. 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात फायेशियन लोकांच्या बेटावर ओडिसियसच्या स्वागतासाठी खेळ आणि नाच होतात. नाचाआधी लोकांनी निवडलेले नऊ पंच उठतात आणि जमीन सपाट करतात. त्या सपाट केलेल्या जमिनीला होमर 'खोरोस' म्हणतो. मग आंधळा गायक डेमोडोकस वाद्य घेऊन मधोमध उभा राहतो, त्याच्याभोवती तरुण पोरे जमतात आणि पायांनी खोरोस दणाणून सोडतात. या प्रसंगात गाणारा एकटा आहे आणि तो खोरोसचा भाग नाही. खोरोस आहे तो पायाखालचा आणि पायांचा.

'इलियड'च्या अठराव्या सर्गातला दाखला तितकाच स्पष्ट आहे. हेफेस्टस अकिलीससाठी ढाल घडवतो आणि तिच्यावर एक खोरोस कोरतो. तो क्नोसस नगरात डेडॅलसने अरियाड्नीसाठी रचलेल्या खोरोससारखा आहे, असे कवी सांगतो. तिथे तरुण-तरुणी एकमेकांची मनगटे धरून फेर धरतात. 'रचलेला' हे क्रियापद जागेला शोभते, गाण्याला नव्हे. नगरांच्या वर्णनातही होमर 'सुंदर खोरोस असलेले' अशी विशेषणे वापरतो आणि तिथेही नाचाची ऐसपैस जागाच अभिप्रेत असते. हा अर्थ होमरबरोबर संपला नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस नोंदवतो, की स्पार्टाच्या बाजारचौकातल्या एका भागाला 'खोरोस' असेच नाव होते, कारण उत्सवात तिथे तरुण अपोलोसाठी नाचत.

या अर्थाची साक्ष आजच्या शब्दांतही शिल्लक आहे. नऊ कलादेवतांपैकी नाचाची देवता टर्प्सिकोरी. तिच्या नावाचा उत्तरार्ध हाच शब्द आहे आणि नावाचा अर्थ नृत्यात रमणारी असा होतो. 'कोरिओग्राफी' म्हणजे नृत्यरचना. फ्रेंच नृत्यगुरू फयेने १७०० साली नृत्यलेखनाच्या आपल्या ग्रंथाला हेच नाव दिले. हातपाय आपोआप हलत राहणाऱ्या आजाराला वैद्यकात 'कोरिया' म्हणतात. जॉर्ज हंटिंग्टनने १८७२ मध्ये वर्णन केलेला आनुवंशिक आजार पुढे 'हंटिंग्टन कोरिया' म्हणून ओळखला गेला. रुग्ण गात नाही, त्याचे शरीर नाचल्यासारखे हलते, म्हणून हे नाव पडले. आणि सर्वांत बोलका पुरावा खुद्द आधुनिक ग्रीक भाषेचा आहे. तिथे 'खोरोस' म्हणजे आजही नाच. गायकवृंदासाठी ग्रीकांना वेगळा शब्द वापरावा लागतो, 'खोरोडिया', ज्यात गाण्याचा वाचक शब्द मुद्दाम जोडलेला आहे. मूळ अर्थ गाण्याचा असता तर ही जोड लागली नसती.

अथेन्सचा खोरोस : नागरिकांचे काम

गाणे शब्दात शिरले ते नाचाच्या सोबतीने. इसवी सनपूर्व सातव्या शतकात स्पार्टात आल्कमन हा कवी मुलींच्या वृंदांसाठी गीते रचत होता. त्याच्या एका रचनेचा मोठा तुकडा १८५५ साली इजिप्तमधल्या सक्कारा इथे पपायरसवर सापडला आणि तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. या मुली गात होत्या आणि नाचतही होत्या. 'क्वायर' ही मुळात पुरुषांची किंवा मुलग्यांची परंपरा, असे मानणाऱ्यांनी हा पपायरस विसरता कामा नये.

अथेन्समध्ये खोरोस ही नगरराज्याची संस्था झाली. वसंतातल्या डायोनिसियाच्या उत्सवात दहा कुळगटांपैकी प्रत्येक गट पुरुषांचा एक आणि मुलग्यांचा एक वृंद स्पर्धेत उतरवी. प्रत्येक वृंद ५० जणांचा. म्हणजे केवळ या एका प्रकारात दरवर्षी १,००० नागरिक आणि नागरिकांची मुले तालीम करून लोकांसमोर उभी राहत. शोकांतिकेच्या वृंदात आधी १२ आणि सोफोक्लीसपासून १५ जण असत, सुखात्मिकेत २४. नाटककाराला स्पर्धेत उतरायचे तर तो नगराच्या अधिकाऱ्याकडे 'खोरोस' मागे. अधिकारी खोरोस देई किंवा नाकारी. वृंदाचा पोशाख, तालीम, खाणेपिणे यांचा खर्च एखाद्या धनिक नागरिकावर कर्तव्य म्हणून टाकला जाई आणि त्याला 'खोरेगोस' म्हणत. असाच एक खोरेगोस लायसिक्रेटीस, याने इसवी सनपूर्व ३३५-३३४ मधल्या विजयाचे स्मारक उभारले. ते अथेन्समध्ये अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी आजही उभे आहे.

या वृंदाची हालचाल रचनेतच बांधलेली होती. गीताच्या कडव्यांना 'स्ट्रोफी' आणि 'अँटिस्ट्रोफी' म्हणत. पहिल्याचा अर्थ वळण, दुसऱ्याचा उलट वळण. ज्या गोल मैदानात हे चाले त्याला 'ऑर्केस्ट्रा' म्हणत आणि तो शब्दही 'नाचणे' या क्रियापदावरून आला आहे. प्लेटोने 'नियम' या ग्रंथात नाच आणि गाणे मिळून जे होते त्याला 'खोरेइया' म्हटले आणि ज्याला वृंदाचे शिक्षण मिळाले नाही तो अशिक्षित, असे समीकरण मांडले. वारीच्या दिंडीत टाळकरी अभंग म्हणत पावली खेळतात, तेव्हा गळा आणि पाय यांची जी एकजूट दिसते, तिच्यावरून या खोरेइयाची कल्पना मराठी वाचकाला करता येईल. मात्र हे साम्य केवळ समजून घेण्यापुरते आहे. दोन्ही परंपरांचा परस्परांशी उगमाचा संबंध नाही.

बायबल काय सांगते

शब्द चर्चचा आहे असे म्हणणाऱ्यांना खरे तर ख्रिस्ती धर्मग्रंथानेच उत्तर दिले आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापासून यहुदी शास्त्रांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. 'निर्गम' पुस्तकात समुद्र पार केल्यावर मिर्याम हातात डफ घेते आणि सगळ्या बायका तिच्यामागे निघतात. तिथे मूळ हिब्रूत नाचाचा शब्द आहे आणि भाषांतरकारांनी त्यासाठी 'खोरोस' योजला. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या, म्हणजे १५०व्या स्तोत्रातही डफाबरोबर हाच शब्द येतो आणि तिथेही मूळ हिब्रू शब्द नाचाचाच आहे.

नव्या करारात तर 'खोरोस' हा शब्द एकदाच येतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात, उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात, थोरला भाऊ शेतावरून परत येतो आणि घराजवळ त्याला वाद्यांचा आणि नाचाचा आवाज ऐकू येतो. तिथला 'नाच' म्हणजे मूळ ग्रीकमधला खोरोस. हा प्रसंग उपासनेचा नाही; घरातल्या मेजवानीचा आहे. ज्या ग्रंथावर चर्च उभे आहे त्यात हा शब्द ना मंदिरासाठी वापरला आहे, ना स्तोत्रगायकांसाठी.

चर्चने शब्द उचलला तो उपमेतून. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सर्वांनी मिळून एक खोरोस व्हावे, एका सुरात गावे, असा उपदेश केला. तो नवी संज्ञा घडवत नव्हता. आशिया मायनरमधल्या त्याच्या वाचकांनी उत्सवातले वृंद डोळ्यांनी पाहिलेले होते, म्हणूनच उपमा त्यांना चटकन समजली. पुढच्या शतकांत धर्मगुरूंनी नाचाविरुद्ध सतत उपदेश केला, गाणे मात्र उपासनेत रुजत गेले. लॅटिनमध्ये शब्द 'कोरुस' झाला आणि चर्चमध्ये त्याचा अर्थ हळूहळू गाणाऱ्या पाळकांपुरता आकसला. हा अर्थसंकोच ऐतिहासिक आहे. त्याला उगम म्हणणे म्हणजे घराचा वरचा मजला दाखवून तो पाया आहे असे सांगणे.

नाच चर्चमधून पूर्णपणे हद्दपार झाला, असेही नाही. फ्रान्समधल्या ओसेर इथल्या कॅथेड्रलमध्ये ईस्टरच्या दिवशी पाळक फरशीवरच्या चक्रव्यूहावर चेंडू झेलत फेर धरत. ती प्रथा १५३८ मध्ये बंद पाडावी लागली. स्पेनमधल्या सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये 'सेइसेस' नावाचे मुलगे आजही ठरावीक सणांना वेदीसमोर करताल वाजवत नाचतात. 'सेइसेस' म्हणजे सहाजण. मुळात ते कॅथेड्रलच्या गायकवृंदातले मुलगे होते. क्वायर म्हणजे हालचाल न करता उभे राहून गाणारी माणसे, ही व्याख्या खुद्द चर्चच्या इतिहासालाही पूर्णपणे लागू पडत नाही.

चर्चमध्ये जागेचा अर्थ

लॅटिन 'कोरुस' गायकांचा वाचक झाल्यावर त्यांच्या बसण्याच्या जागेलाही तेच नाव मिळाले. मोठ्या चर्चमध्ये लोकांचा सभामंडप आणि वेदी यांच्या मधल्या भागात समोरासमोर लाकडी आसनांच्या ओळी असतात आणि पाळक दोन बाजूंनी आळीपाळीने स्तोत्रे गातात. या भागाला इंग्रजीत 'क्वायर' म्हणतात. तिथे हा शब्द गवंड्याच्या आणि सुताराच्या तोंडी आला. ११७४ साली कँटरबरी कॅथेड्रलचा क्वायर जळाला. तिथला मठवासी जर्व्हेस याने त्या आगीचे आणि पुनर्बांधणीचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. बांधकाम सेन्स गावच्या विल्यमकडे सोपवले गेले. ११७८ साली तो परांचीवरून खाली पडून जायबंदी झाला आणि दुसऱ्या, इंग्रज विल्यमने ते काम ११८४ मध्ये पुरे केले. या सगळ्या हकिकतीत जळाला, बांधला गेला आणि पुरा झाला तो 'क्वायर' दगडाचा होता.

गोव्यातही हा अर्थ पाहायला मिळतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकेत मुख्य दारातून आत गेले, की डोक्यावर खांबांनी तोललेला सज्जा येतो. पोर्तुगीजमध्ये त्याला 'कोरो' म्हणतात. या सज्ज्याच्या खांबांवर बसवलेल्या शिलालेखांत बांधकामाचा आरंभ १५९४ मधला आणि चर्चचे समर्पण १६०५ मधले असल्याची नोंद आहे. गायक बसतात तो कोरो आणि बसणारे गायक तेही कोरो. होमरच्या काळी मैदान आणि मैदानावरचा नाच यांना एकच नाव होते, तसेच हे घडले. जागेवरून माणसांना आणि माणसांवरून जागेला नाव मिळणे ही भाषेची जुनी रीत आहे. 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाचेही तेच झाले: आधी नाचाचे मैदान, मग वादकांची जागा, मग वादकांचा ताफा.

खोट्या व्युत्पत्त्या

शब्दाच्या मुळाविषयीच्या काल्पनिक कथा आजच्या नाहीत. प्लेटोनेच 'नियम' ग्रंथात 'खोरोस' हा शब्द 'खारा', म्हणजे आनंद, यावरून आला असे सुचवले. ध्वनींच्या दृष्टीने हे अगदी अशक्य नाही. ग्रीकमध्ये एकाच धातूत 'आ' आणि 'ओ' अशी अदलाबदल होऊ शकते. अडचण अर्थाची आहे. होमरच्या जुन्या दाखल्यांत शब्द सपाट केलेल्या जमिनीला लावलेला आहे आणि आनंदावरून जमिनीकडे जाणारी वाट कोणत्याही दाखल्यात दिसत नाही. प्लेटो व्युत्पत्ती सांगत नव्हता. शिक्षणात नाचगाण्याला मान द्यावा हे पटवण्यासाठी तो नावाचा आधार घेत होता.

सेव्हिलचा बिशप इसिडोर (मृत्यू ६३६) याने आपल्या ज्ञानकोशात आणखी दोन मूळे दिली. वेदीभोवती 'कोरोना', म्हणजे मुकुटासारखे कडे करून उभे राहत म्हणून 'कोरुस', किंवा 'कॉन्कॉर्डिया', म्हणजे एकोपा, यावरून 'कोरुस'. मध्ययुगात या व्युत्पत्त्या शतकानुशतके उतरवल्या गेल्या. दोन्ही चूक आहेत आणि का चूक आहेत हे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळेल. ग्रीकमध्ये 'ख' आणि 'क' ही दोन वेगळी व्यंजने होती, जशी मराठीत 'खोल' आणि 'कोल' वेगळी ऐकू येतात. 'खोरोस'मध्ये 'ख' आहे. 'कोरोना' ज्या ग्रीक शब्दावरून आला त्यात 'क' आहे. लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडी 'ख' उरला नाही, दोन्ही 'क' झाले, म्हणून इसिडोरच्या कानाला ते जवळचे वाटले. 'कॉन्कॉर्डिया'च्या पोटात तर हृदयवाचक लॅटिन शब्द आहे. त्याच हृदयवाचक शब्दावरून आलेला फ्रेंच शब्द आणि वृंदवाचक फ्रेंच शब्द आज सारखेच उच्चारले जातात, म्हणून 'मनापासून गातात तो वृंद' असेही सांगितले जाते. त्यालाही आधार नाही. एक शब्द अस्सल लॅटिन आहे, दुसरा ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेला.

विद्वानांनी मांडलेला एक तर्क असा, की 'खोरोस' हा 'कुंपण घालणे' या अर्थाच्या प्राचीन धातूवरून आला असावा. बागेचा वाचक लॅटिन शब्द आणि कुंपणाच्या आतल्या जागेचा वाचक ग्रीक शब्द त्याच धातूशी जोडले जातात. संस्कृत 'गृह'लाही काही जण त्याच कुळात बसवतात. जागेचा अर्थ सर्वांत जुना असल्यामुळे हा तर्क प्लेटोच्या तर्कापेक्षा सरस ठरतो. पण तो सिद्ध झालेला नाही आणि व्युत्पत्तिकोशांत त्यावर मतभेद आहेत. तेव्हा त्याच्या आधारे क्वायर हा शब्द संस्कृतमधून युरोपात गेला असे कोणी म्हणेल तर ते दुप्पट चूक होईल. एका धातूच्या दोन फांद्या असल्याचा तर्क आणि एका भाषेने दुसरीकडून शब्द घेतल्याचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला सिद्ध झाला तरी दुसरा सिद्ध होत नाही.

इंग्रजी लेखन आणि कागदाचा दस्ता

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून सुमारे १३००च्या आसपास आला. तेव्हाचे लेखन 'क्वेर' असे होते. पुढे स्वर बदलला. 'फ्रेर'चा 'फ्रायर' आणि 'ब्रेर'चा 'ब्रायर' झाला, तसाच 'क्वेर'चा 'क्वायर' झाला. सतराव्या शतकात विद्वानांना शब्दाच्या अंगावर लॅटिन-ग्रीक मूळ दिसावेसे वाटले, म्हणून त्यांनी 'सी-एच'ने सुरू होणारे नवे लेखन रूढ केले. उच्चार मात्र जुनाच राहिला. त्यामुळे आजच्या लेखनाचा आणि 'क्वायर' या उच्चाराचा काही मेळ बसत नाही. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ सालच्या प्रार्थनापुस्तकात 'क्यू'ने सुरू होणारे जुने लेखन कायम आहे. नवे लेखन पाहून शब्द थेट ग्रीकमधून आला असे मानणे चूक, आणि जुने लेखन पाहून तो कागदाच्या दस्त्याशी जोडणेही चूक.

कागदाचा 'क्वायर' पूर्णपणे वेगळा शब्द आहे. तो लॅटिनमधल्या 'चार-चार' या अर्थाच्या शब्दावरून आला. चार ताव एकात एक घालून मधोमध दुमडले की आठ पाने होतात; हस्तलिखितांच्या वह्या अशा जुड्या शिवून बांधत. वहीसाठीचा फ्रेंच शब्द 'काये' हा त्याचाच भाऊ. पुढे इंग्रजीत कागदाच्या व्यापारात या शब्दाचा अर्थ २४ ताव असा ठरला. मराठीत त्यालाच दस्ता म्हणतात आणि २० दस्त्यांचे एक रीम होते. गायक वहीतून गात म्हणून त्यांना हे नाव पडले, ही कथा दोन शब्दांचे लेखन काही काळ सारखे होते एवढ्यावरच उभी आहे. देवनागरीत कधीकधी गायकवृंदासाठी 'कॉयर' असे लिहिले जाते, तेही टाळावे. 'कॉयर' म्हणजे काथ्या आणि तो शब्द मल्याळममधल्या दोराच्या वाचक शब्दावरून आला आहे.

याच ग्रीक शब्दाने इंग्रजीत दुसऱ्यांदाही प्रवेश केला: सोळाव्या शतकात थेट लॅटिनमधून, 'कोरस' म्हणून. शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' या नाटकात 'कोरस' नावाचे एकच पात्र रंगमंचावर येऊन निवेदन करते. मराठीने दोन्ही रूपे इंग्रजीतून घेतली. चर्चमधला वृंद 'क्वायर' आणि सिनेमाच्या किंवा भावगीताच्या गाण्यातला 'कोरस' हे एकाच शब्दाचे दोन प्रवास आहेत. ज्यांना 'क्वायर' परका आणि धार्मिक वाटतो, पण 'कोरस' मात्र घरचा वाटतो, त्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

चर्चबाहेरचा क्वायर

शब्द मुळात चर्चचा नसला तरी आज तो चर्चचाच झाला आहे, असा बचाव केला जातो. तोही टिकत नाही. १७९१ मध्ये बर्लिनमध्ये संगीतकार फाशने 'सिंगअकाडेमी' स्थापन केली. तिच्यात शहरातले हौशी स्त्री-पुरुष एकत्र गात. याच संस्थेच्या वृंदाला घेऊन १८२९ मध्ये वीस वर्षांच्या मेंडेलसोनने बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'चा प्रयोग केला आणि बाखचे विस्मृतीत गेलेले वृंदसंगीत पुन्हा लोकांपुढे आले. रचना धार्मिक होती, वृंद मात्र नागरिकांचा होता. त्यात स्त्रिया होत्या, हेही महत्त्वाचे. कॅथलिक चर्चमध्ये १९०३ मध्येही दहाव्या पायस पोपने चर्चच्या गायकवृंदात स्त्रियांना स्थान नाही, असेच फर्मावले होते. एस्टोनियात १८६९ साली टार्टू इथे पहिला राष्ट्रीय गीतमहोत्सव झाला आणि वृंदगान हे तिथल्या भाषेच्या व राष्ट्राच्या जागृतीचे साधन बनले. १९८८ मध्ये टाल्लिनच्या महोत्सव-मैदानावर लोक रात्रभर गात राहिले. तीन वर्षांनी देश सोव्हिएत संघातून मुक्त झाला. त्या चळवळीला 'गाती क्रांती' असेच नाव पडले.

भारतातला इतिहासही हेच सांगतो. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत 'मेस्त्रे' मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवत. तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतातले वाद्यवृंद घडवले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायकवृंदाच्या शिक्षकाचे चिरंजीव. त्यांनी मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात काम केले आणि हिंदुस्तानी रागसंगीत व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. चर्चमधले शिक्षण असे चर्चबाहेर पडले आणि लाखो लोकांच्या कानांपर्यंत पोचले. दुसऱ्या बाजूने १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'इप्टा' या नाट्यसंघटनेने समूहगीताला राजकीय चळवळीचे बळ दिले. त्या परंपरेतून आलेल्या रुमा गुहा ठाकुरता यांनी १९५८ मध्ये 'कलकत्ता यूथ क्वायर' स्थापन केला. त्याचा चर्चशी संबंध नव्हता, तरी नावात 'क्वायर' होता. २००१ मध्ये सुरू झालेला 'शिलाँग चेंबर क्वायर' २०१० मध्ये दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेत जिंकला, तो हिंदी सिनेगीतांची वृंदरचना गाऊन. मराठी चर्चमध्येही वृंद केवळ इंग्रजी स्तोत्रे गात बसला नाही. नारायण वामन टिळकांची पदे आणि भजने 'उपासना संगीत'मधून मराठी चालींवर गायली जातात.

उलट दिशेची चूक

हे सगळे मान्य करून उलट टोकाला जाणारा एक युक्तिवाद उरतो. मूळ अर्थ नाचाचा होता, तर आजचा उभा राहून गाणारा क्वायर हा शब्दाचा अपभ्रंश आहे आणि त्याला खरे तर हे नाव लावू नये, असा तो युक्तिवाद. हाही फेटाळायला हवा. जुना अर्थ म्हणजे खरा अर्थ, हे गृहीतच चुकीचे आहे. 'क्वायर'चा आजचा प्रमुख अर्थ, अनेक गळ्यांनी एकत्र गाणारा संघ, हा आज तो शब्द वापरणाऱ्यांनी प्रस्थापित केलेला आहे आणि तेवढाच प्रमाण आहे. व्युत्पत्तीचे काम आजच्या वापरावर बंदी घालणे हे नाही. शब्द कुठून आला, कोणत्या शतकात, कोणाच्या तोंडी आणि कशासाठी आला, हे दाखवणे एवढेच तिचे काम आहे.

त्या दृष्टीने निकाल सरळ आहे. शब्दाचा सर्वांत जुना लिखित अर्थ नाचाचे मैदान आणि त्यावरचा नाच. अथेन्सच्या नाट्यस्पर्धांत तो नाचत गाणाऱ्या नागरिकांचा वृंद झाला. चर्चने तो उपमेतून उचलला, गाण्यापुरता मर्यादित केला आणि आपल्या इमारतीतल्या एका भागाला दिला. जुन्या फ्रेंचने त्याला उच्चार दिला, सतराव्या शतकातल्या विद्वानांनी लेखन बदलले, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपातल्या शहरांनी तो पुन्हा नागरिकांच्या हाती दिला आणि विसाव्या शतकात भारतीय संस्थांनी तो आपल्या नावात घेतला. चर्च हा या प्रवासातला लांब आणि महत्त्वाचा मुक्काम आहे. त्याने शब्दाला सर्वाधिक प्रसिद्धी दिली, हे निर्विवाद. उगम मात्र तिथे नाही, आणि शब्दावर मालकीही एकट्या चर्चची नाही. मराठी कोशांत आणि पाठ्यपुस्तकांत 'क्वायर'ची नोंद करताना 'चर्चमधील गायकवृंद' हा एक अर्थ म्हणून जरूर द्यावा. तोच एकमेव आणि मूळ अर्थ म्हणून देऊ नये.